जुन्या सागवानी सोफ्यासाठी घरीच शिवणकाम शिकणे परवडेल का?

गोदाकाठ

आमच्या घरी सासूबाईंच्या काळातील सागवानी सोफा आहे. तीन बैठकांचा एक लांब सोफा आणि एकेकट्या दोन खुर्च्या असा हा संच असून त्याचे लाकूड अजून खणखणीत आहे. बसण्याच्या आणि पाठीच्या मिळून दहा गाद्या सुट्या आहेत. त्यांच्या खोळी मात्र शिवणीवर उसवल्या आहेत, आणि बसण्याच्या पाच गाद्यांचा फोम मधोमध दबला आहे. इंदिरानगरमधील एका कारागिराने कापड, फोम आणि मजुरी धरून २२,००० रुपयांचा अंदाज दिला. तेवढा खर्च या वर्षी शक्य नाही, आणि संच विकायला मन तयार नाही.

माळ्यावर सासूबाईंचे काळे पायमशीन आहे. मला बटण लावणे, तुरपाई करणे आणि धावदोरा घालणे एवढेच येते. एवढ्या भांडवलावर या खोळी घरी शिवणे शक्य आहे का, मशीन तेच वापरावे की नवे घ्यावे, आणि कापड किती व कोणते आणावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मी नाशिकमध्येच राहते, त्यामुळे येथील बाजाराच्या हिशेबाने सांगितल्यास अधिक बरे.

टाकेदोरा

ताई, शक्य आहे, आणि तुमच्या बाबतीत तर निश्चितच शक्य आहे, कारण तुमच्या गाद्या सुट्या आहेत.

फर्निचरच्या कामात शिवणकाम किती आणि बाकीचे काम किती, हे आधी नीट वेगळे केले पाहिजे. ज्या सोफ्याचे कापड लाकडी सांगाड्यावर ठोकून बसवलेले असते, त्याच्या आत निवारीच्या पट्ट्या, स्प्रिंगा, गोणपाट, काथ्या आणि त्यावर फोम असे थर असतात. तो सोफा नवा करताना खरे कौशल्य हे थर ताणून बसवण्यात असते आणि शिवण त्या मानाने थोडी असते. तसला सोफा नवशिक्याने उघडू नये, कारण उघडलेला सांगाडा अर्धवट सोडता येत नाही आणि दुसऱ्याने अर्धवट सोडलेले काम हाती घ्यायला कारागीरही सहसा नाखूश असतो. तुमच्याकडे मात्र सहा बाजूंच्या चौकोनी खोळी आहेत. त्यात सरळ शिवण, काटकोनात वळण आणि एक चेन एवढ्याच गोष्टी येतात. ब्लाउज किंवा कुर्ता शिवण्यापेक्षा हे काम सोपे आहे, कारण फोम हालचाल करत नाही आणि त्याला मुंडा, गळा, बाही यांपैकी काहीही नसते.

माझी सूचना अशी की, कापड आणण्याआधी जुन्या खोळींपैकी सर्वांत चांगल्या स्थितीतील एक खोळ शिवण-उसवणीने पूर्ण उसवा. घाईने फाडू नका. कोणता तुकडा आधी जोडला आणि कोणता नंतर, ते उसवताना पाहत जा आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने क्रमांक घाला. मग ते तुकडे इस्त्री करून कागदावर ठेवून रेखा. ज्याने ती खोळ शिवली त्याने चेन कुठे लावली, शिवणीसाठी किती कापड सोडले, कोपऱ्यात चीर दिली की नाही, हे सर्व त्या तुकड्यांवर दिसते. मात्र वर्षानुवर्षांच्या वापराने जुने कापड ताणलेले असते. म्हणून तुकड्यांवरून रचना घ्यावी आणि माप नेहमी फोमचे घ्यावे.

त्यानंतर मांजरपाटाची एक खोळ शिवा. ती अजिबात वाया जात नाही, कारण बाहेरच्या खोळीच्या आत तीच अस्तर म्हणून राहते आणि वरची खोळ धुवायला काढली तरी फोम उघडा पडत नाही. मात्र मांजरपाटालाही हात घालण्यापूर्वी उशीचे दोन-तीन अभ्रे शिवून सरळ शिवणीचा हात बसवा.

उपनगर_नाका

मशीनविषयी लिहितो. काळे पायमशीन असेल तर नवे मशीन घेण्याचे कारण नाही. या मशीनवर सरळ टाक्याखेरीज दुसरे काही येत नाही, परंतु खोळींना दुसरे काही लागतही नाही. उलट त्याचे सर्व भाग धातूचे असल्यामुळे जाड कापडाचे चार थर ते हलक्या प्लास्टिकच्या झिगझॅग मशीनपेक्षा सहज ओलांडते. इंटरनेटवर हातात धरून चालवायची छोटी मशीने स्वस्तात दिसतात, ती घेऊ नका; त्यांतील बहुतेक एकाच दोऱ्याचा साखळीटाका घालतात, आणि त्याचे टोक ओढले की सगळी शिवण सरसर उसवते.

माळ्यावरून उतरवल्यावर सर्वप्रथम सुईखालची पट्टी काढून खालच्या दातांमध्ये आणि शटलमध्ये अडकलेली कापसाची भुकटी ब्रशने साफ करा. मग ठिकठिकाणी असलेल्या तेलाच्या छिद्रांत शिलाई मशीनचे पातळ तेल थेंबथेंब घाला आणि सुईत दोरा न ओवता पाच-दहा मिनिटे मशीन चालवा. खोबरेल तेल किंवा स्वयंपाकाचे तेल घालू नये, ते वाळून चिकट होते आणि मशीन जड चालू लागते. वादी (चाकावरून फिरणारा पट्टा) सैल झाली असेल तर थोडी कापून पुन्हा जोडता येते; कुजली असेल तर नवी घ्या, ती स्वस्त असते.

सुई नवीच लावा. साध्या सुती कापडाला १४ क्रमांकाची, तर सोफ्याच्या जाड कापडाला १६ क्रमांकाची सुई योग्य ठरते. कॅनव्हासचे अनेक थर असल्यास १८ लावावी. सुईच्या एका बाजूस लांब खाच असते, त्या बाजूने दोरा ओवायचा असतो. सुई उलटी बसली की टाके सुटतात आणि माणूस उगाच मशीनला दोष देतो. टाक्याची लांबी जाड कापडासाठी ३ ते ४ मिलिमीटर ठेवावी. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा उन्हाने आणि घासण्याने लवकर कमकुवत होतो.

गोदाकाठ

टाकेदोरा आणि उपनगर_नाका, दोघांचेही मनापासून आभार. मशीन उतरवले, साफ केले, तेल घातले. नवी सुई लावून मांजरपाटाच्या तुकड्यावर शिवून पाहिले. वरून टाका छान दिसतो, पण खालच्या बाजूस दोऱ्याची जाळी होते आणि कापड ओढावे लागते. बॉबिनचा (खालच्या दोऱ्याच्या रिळाचा) ताण कमी असावा असे वाटून मी बॉबिन केसचा स्क्रू फिरवणार होते, पण आधी विचारावे म्हटले.

उपनगर_नाका

विचारलेत ते उत्तम केलेत. खाली जाळी होत असेल तर दोष जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यात असतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे. एलियस होवे यांनी १८४६ मध्ये ज्या मशीनचे पेटंट घेतले, त्यातला हा टाका दोन दोऱ्यांचा आहे: वरचा दोरा कापडातून खाली येतो, शटल त्याचा फास पकडून तो बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवते, आणि मग वरचा दोरा परत ओढला जाऊन दोन्ही दोऱ्यांची गुंतवण कापडाच्या जाडीच्या मधोमध बसते. वर ओढणारा ताण अपुरा पडला तर तो फास खालीच लोंबत राहतो. तीच तुमची जाळी.

बहुधा तुम्ही दोरा ओवताना मशीनचा पाय, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग, खाली टाकलेला असावा. पाय खाली असला की ताणाच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये न जाता वरून घसरतो. पाय वर उचला, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, आणि वरखाली होणाऱ्या दांडीच्या छिद्रातून तो गेला आहे ना, ते पाहा. एवढ्याने भागले नाही तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून शिवा. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचा ताण थोडा वाढवा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर तो कमी करा. बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी दोऱ्याचे टोक धरून केस हवेत लोंबकळू द्या. हाताला हलका झटका दिल्यावर ती थोडी खाली सरकून थांबत असेल, तर तिचा ताण ठीक आहे.

पन्हा_४४

कापडाची निवड हा माझा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

दुकानात सर्वप्रथम पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारावा. सोफ्याच्या कापडाचा पन्हा सामान्यतः ५४ इंच असतो, तर कपड्यांच्या सुती कापडाचा ३६, ४४ किंवा ५८ इंच. मीटरचा भाव स्वस्त वाटतो आणि पन्हा अरुंद निघतो, मग बचत उरत नाही. दुसरी गोष्ट वजनाची. बसण्याच्या गादीसाठी दर चौरस मीटरला साधारण २५० ग्रॅमहून हलके कापड घेऊ नये. पडद्याचे कापड कितीही सुंदर असले तरी ते बसण्याचे घर्षण सोसत नाही. काही नमुन्यांच्या वहीत मार्टिंडेल चाचणीचा आकडा छापलेला असतो, म्हणजे ठरावीक दाबाखाली किती वेळा घासल्यावर कापड झिजले त्याची संख्या. रोजच्या घरगुती वापरासाठी तो २०,००० च्या आसपास किंवा अधिक असावा. आकडा छापलेला नसेल तर कापड उजेडासमोर धरा. विणीतून भोके दिसत असतील किंवा अंगठ्यांनी ओढल्यावर धागे सरकत असतील, तर ते कापड शिवणीवर लवकरच उसवेल, हे नक्की समजावे.

शिकणाऱ्याने जाड सुती डक (कॅनव्हाससारखे घट्ट विणीचे कापड), कॅसमेंटचा भारी प्रकार किंवा डेनिम घ्यावे. ही कापडे मशीनखाली घसरत नाहीत, इस्त्रीने घडी धरतात आणि धुता येतात. मखमल आणि चिनील पहिल्या खेपेस नकोच; दोन थर एकमेकांवरून सरकतात, आणि लव एकाच दिशेला न ठेवल्यास शेजारशेजारच्या दोन गाद्या दोन वेगळ्या रंगांच्या दिसतात. रेक्झिनविषयी माझे मत स्पष्ट आहे: आपल्याकडील पावसाळी दमटपणात पॉलियुरेथेनचा लेप असलेले स्वस्त रेक्झिन काही वर्षांत पापुद्रे सोडू लागते, कारण ओलाव्याने त्या लेपाचे विघटन होते. शिवाय त्यात सुईचे भोक कायमचे राहते, म्हणजे चुकलेली शिवण उसवून पुन्हा घालण्याची सोय नाही. ज्याला अजून उसवावे लागणार आहे त्याने हे कापड घेऊ नये.

अस्तराच्या मांजरपाटासाठी जास्त शोधाशोध करू नका. मालेगावचे यंत्रमाग आपल्याच जिल्ह्यात, सुमारे १०० किलोमीटरवर आहेत, आणि न धुतलेले कोरे सुती कापड ही तेथील नेहमीची पैदास आहे. असे कापड नाशिकच्या मेन रोडवरील दुकानांतही मिळते. आणल्यावर मात्र मांजरपाट असो वा डक, कापण्यापूर्वी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात १०० सेंटिमीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटू शकते, आणि धुतल्यावर फोमवर न चढणारी खोळ कोणाच्याच उपयोगाची नाही.

गणिती

सर्वांचा उत्साह पाहून आनंद झाला, तरी एक शंका मांडतो. ही बचत खरोखर किती आहे, याचा कोणी हिशेब केला आहे का? त्या २२,००० रुपयांत मजुरी किती आणि सामान किती, हे ताईंनी कारागिराला विचारले पाहिजे. माझा अंदाज असा की सामानाचाच भाग मोठा असेल आणि त्यातही फोमचा. फोम आणि कापड घरी शिवले तरी विकतच आणावे लागणार. शिवाय शिकण्यात जाणारा वेळ, वाया जाणारे कापड, सुया, चेन, दोरे. मेन रोडवर तयार ताणत्या खोळी मिळतात, त्या सोफ्यावर चढवल्या की अर्ध्या तासात काम संपते.

टाकेदोरा

तुमची शंका रास्त आहे. मजुरी वाचते हे उत्तर पुरेसे नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु खरी बचत दुसरीकडे होते. कारागीर एकरकमी काम घेतो तेव्हा दहाही गाद्यांचा फोम बदलला जातो, कारण त्याच्या दृष्टीने ते सोयीचे आणि स्वच्छ असते. ताईंच्या पाठीच्या पाच गाद्यांचा फोम दबलेला नाही, असे त्यांच्या वर्णनावरून दिसते. घरी काम केल्यास पाचच नवे तुकडे आणावे लागतील, आणि काम एका वेळी एक गादी असे करता येत असल्यामुळे खर्चही महिन्यामहिन्याने विभागता येईल. ताणत्या तयार खोळी लाकडी हातांच्या सोफ्यावर बसत नाहीत. त्या पूर्ण कापडी सोफ्यासाठी असतात. सागवान झाकून टाकायचे असेल तर मग सोफा ठेवायचा तरी कशाला?

फोम घेताना घनता विचारावी. बसण्यासाठी ४० घनतेचा आणि पाठीसाठी ३२ घनतेचा फोम चालतो. हा आकडा म्हणजे एका घनमीटरचे किलोग्रॅममधील वजन. त्यामुळे दुकानदार सांगतो तीच घनता आहे का, हे तेथल्या काट्यावर पडताळता येते. २० इंच लांब, २० इंच रुंद आणि ४ इंच जाड तुकड्याचे आकारमान १,६०० घनइंच, म्हणजे सुमारे ०.०२६ घनमीटर होते. ४० घनतेचा असा तुकडा साधारण एक किलो पन्नास ग्रॅम भरला पाहिजे, आणि ३२ घनतेचा ८४० ग्रॅमच्या आसपास. याहून बराच हलका निघाला तर तो फोम पुन्हा मधोमध दबणार, हे गृहीत धरा.

गणिती

वजनाची ही युक्ती मला ठाऊक नव्हती. पाचच तुकडे बदलायचे असतील तर माझा आक्षेप बराचसा मागे घेतो. कापडाचा हिशेब मात्र कोणीतरी आकड्यांत मांडावा, म्हणजे दुकानात अंदाजाने दोन मीटर जास्त घेतले जाणार नाही.

टाकेदोरा

मांडतो. गादी २० × २० × ४ इंच आणि शिवणीसाठी प्रत्येक कडेला अर्धा इंच धरू.

वरचा आणि खालचा असे दोन चौकोन, प्रत्येकी २१ × २१ इंच. समोरची एक आणि बाजूंच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी २१ × ५ इंच. मागची पट्टी चेनमुळे मधोमध दुभागलेली असते. तिचे दोन तुकडे प्रत्येकी २१ × ३ इंच, कारण चेनच्या बाजूलाही अर्धा इंच मुडपावा लागतो. आता ५४ इंच पन्ह्यावर दोन चौकोन शेजारी ठेवले की ४२ इंच जातात आणि १२ इंच उरतात. त्या उरलेल्या भागात बाजूंच्या दोन पट्ट्या उभ्या बसतात. राहिली समोरची पट्टी आणि चेनचे दोन तुकडे. ती एकाखाली एक ठेवली तर ११ इंच उंचीची रांग होते, आणि त्याच रांगेत शेजारी दुसऱ्या गादीचेही तेच तुकडे मावतात.

म्हणजे दोन गाद्यांना २१, २१ आणि ११ मिळून ५३ इंच लांबी लागते. दहा गाद्यांना २६५ इंच, अर्थात सुमारे पावणेसात मीटर. आटण्यासाठी आणि दुकानातील तिरक्या कापणीसाठी अर्धा-पाऊण मीटर जास्त धरून साडेसात मीटर घ्यावे. या मांडणीत आणखी एक सोय आहे: समोरच्या पट्टीतही उभा धागा उभाच राहतो, त्यामुळे उभ्या पट्ट्यांचे कापड असले तरी वरच्या रेघा सरळ समोर उतरतात. मोठी फुले किंवा मोठ्या आकृत्या असलेल्या कापडाला मात्र हा हिशेब लागू नाही. तेथे प्रत्येक चौकोनात फूल मधोमध आणताना पुष्कळ कापड वाया जाते. काटकसर करायची असेल तर सपाट रंग किंवा बारीक वीण घ्यावी.

कडेला गोट (आत दोरी घालून शिवलेली गोल किनार) हवा असल्यास गणित वाढते. एका गादीच्या वरच्या आणि खालच्या कडा मिळून १६० इंच होतात, म्हणजे दहा गाद्यांना ४० मीटरहून अधिक दोरी लागते. दीड इंच रुंदीच्या उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्ट्या कापण्यासाठी सव्वा ते दीड मीटर कापड वेगळे घ्यावे लागेल. गोट दिसतो छान आणि कडा झिजू देत नाही, पण पहिल्या दोन-तीन खोळींना तो लावू नये, असे माझे मत आहे.

बैठक

एक लहानशी दुरुस्ती. गादीचे काम करणारे लोक खोळ फोमच्या मापाएवढी सहसा शिवत नाहीत. ती अर्धा इंच लहान ठेवतात. फोम दाबून आत घातला की तो खोळीला आतून ताणतो आणि चुण्या पडत नाहीत. म्हणून चौकोन २१ ऐवजी साडेवीस इंचांचे कापावेत आणि पट्ट्यांची लांबीही साडेवीस ठेवावी. पट्टीची रुंदी मात्र तीच राहू द्यावी. कापड आधी भिजवून आटवलेले असेल तरच हे करावे, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर फोम आत जाणार नाही.

जुना फोम पुन्हा वापरणार असाल तर तो कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून घ्या आणि सोफ्याच्या सांध्यांमध्ये, पट्ट्यांच्या खाचांत ढेकूण नाहीत ना, ते बॅटरी लावून पाहा. नव्या खोळी चढवल्यावर हे शोधणे फार मनस्तापाचे असते. हे काम आषाढ-श्रावणात काढू नये. नाशिकच्या पावसात फोम आतून वाळत नाही आणि मग खोळीला कुबट वास धरतो.

आजीची_गोधडी

पाठीच्या गाद्यांसाठी विकतचे कापड घेतलेच पाहिजे असे नाही. पाठीवर बसण्याइतके घर्षण नसते. आमच्याकडे नऊवारी सुती लुगड्यांचे चार थर एकावर एक घालून, हाताने धावदोरा भरून गोधडी करतात, तसेच २१ इंचांचे चौकोन भरून घेतले तर पाठीसाठी उत्तम जाड कापड तयार होते. एका नऊवारीत आठ मीटरहून अधिक कापड असते, आणि ज्यांना मशीनची भीती वाटते त्यांना हातशिलाईने सुरुवात करता येते. मात्र मधला भाग जास्त विरलेला असतो, तो आतल्या थरांत जाईल अशी घडी घाला. खणाचे कापड वापरायचे असल्यास त्याचा पन्हा लहान असतो आणि कडा फार सुटतात, म्हणून त्याला मांजरपाटाचे अस्तर लावूनच कापावे.

बैठक

ताई, तुमच्याकडे जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या असतील आणि त्यांची बैठक खालून स्क्रूने बसवलेली असेल, तर त्या आधी करून पाहा. त्यात शिवणकाम नाही, पण कापड सरळ धरण्याची नजर त्याने तयार होते. चार स्क्रू काढून बैठक उलटी करावी, जुने कापड काढावे, नव्या कापडाला चारही बाजूंनी तीन इंच जास्त ठेवून स्टेपल गनने प्रथम प्रत्येक बाजूच्या मधोमध एकेक पिन मारावी, आणि मग मधून कोपऱ्यांकडे सरकावे. कोपऱ्यापासून सुरुवात केली की मध्ये झोळ येतो.

गोदाकाठ

कारागिराकडे चौकशी केली. त्या रकमेत दहाही गाद्यांचा नवा फोम धरला होता, हे टाकेदोरा यांचे अनुमान बरोबर निघाले. जाळीचा प्रश्नही पाय वर करून दोरा ओवल्यावर सुटला. अभ्रे झाले, जुनी खोळ उसवून कागदी नमुने काढले, आणि कापड भिजवून वाळत घातले आहे. आता दोन प्रश्न उरले आहेत. पट्टी चौकोनाला जोडताना कोपऱ्यात नेमके काय करायचे, आणि जुन्या खोळीत चेन एका सलग तुकड्याची असून तिला टोके नाहीत, ती कशी मिळते?

टाकेदोरा

कोपरा असा घ्यावा. चौकोन खाली आणि पट्टी वर, सुलट बाजू आतमध्ये, अशी शिवण घालत या. कडेपासून अर्धा इंच अलीकडे थांबा आणि चाकावर हात ठेवून सुई कापडात रुतवा. मग पाय उचला आणि फक्त वरच्या पट्टीच्या शिवणीच्या भागाला, शिवणीच्या रेषेपासून दोराभर अंतर राखून, एक चीर द्या. ही चीर उघडली की पट्टी काटकोनात वळते आणि चोळामोळा होत नाही. कापड फिरवा, पाय खाली टाका, पुढे चला. अनेक थर एकत्र येतात तेथे मोटर किंवा पायाचा जोर न लावता चाक हाताने फिरवावे, सुई मोडत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि बहुतेक चित्रफितींत ती सांगत नाहीत. पट्टी वरच्या चौकोनाला जोडून झाल्यावर लगेच खालचा चौकोन जोडू नका. आधी प्रत्येक कोपऱ्यापासून पट्टीवर सरळ आडवी रेघ खडूने ओढा आणि दुसऱ्या कडेला खूण करा. खालच्या चौकोनाचे कोपरे त्याच खुणांवर टाचणीने अडकवा, कच्चा टाका घाला, आणि मगच पक्की शिवण मारा. या खुणा न केल्यास शिवताना खालचा थर थोडा थोडा पुढे सरकतो, दोन्ही चौकोनांचे कोपरे एकमेकांवर येत नाहीत, आणि पूर्ण झालेली गादी पिळल्यासारखी तिरकी बसते. दुसरा चौकोन जोडताना चेन अर्धी उघडी ठेवायची, नाहीतर खोळ सुलटी करायला वाटच उरत नाही.

चेन मीटरवर मिळते. शिवणसामानाच्या दुकानात ५ क्रमांकाची नायलॉन चेन आणि सुटे रनर (चेन उघडबंद करणारे सरकते तुकडे) मागा. एका गादीला २१ इंच धरल्यास दहा गाद्यांना साडेपाच मीटर पुरते. रनर दोन जास्त घ्या, एखादा वाकडा निघतो. चेनचे टोक एका बाजूने किंचित जास्त कापले की रनर चढवणे सोपे जाते. फोम आत घालताना तो पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दुमडला तर कापडाला न अडकता सरकतो, आणि कोपरे बसल्यावर पिशवी ओढून काढता येते. रनर चढवल्यावर मात्र लगेच चेनच्या दोन्ही टोकांवर हाताने चार-चार आडवे टाके घाला, नाहीतर पहिल्याच ओढीत तो दुसऱ्या टोकाने बाहेर येतो.